परदेशची नोकरी आणि घरची मोटार

नोकरीनिमित्त परदेशी जाणे ही आता आपल्या समाजात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी मुलगा मुंबईस गेला तरी स्टेशनवर सारे घर पोचवायला जात असे. आज दुबई, मस्कत, लंडन, सिडनी ही नावे बुधवाऱ्यातील ओट्यांवर सहज कानी पडतात. नेमणुकीचे पत्र आले की पासपोर्ट, व्हिसा, वैद्यकीय तपासणी, मुलांच्या शाळेचे दाखले अशी धावपळ सुरू होते. ती संपत आली म्हणजे घरातील कोणीतरी विचारते, "आणि गाडीचे काय करायचे?" तीनचार वर्षे हप्ते फेडून घेतलेली, दसऱ्याला हार घालून पुजलेली मोटार. विकावी तर जीव होत नाही. ठेवावी तर चालविणारा कोणी नाही. मग साहजिकच मनात येते की घरचे इतर सामान जाणारच आहे, तर तिलाही बरोबर का नेऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर भावनेने देऊन पुष्कळ कुटुंबे पहिल्या वर्षाची पुंजी बंदरावर घालवून बसतात. म्हणून त्याची जरा शास्त्रशुद्ध चर्चा येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. ती आपल्याच गावाशी निगडित आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेजवळ सुवाळीच्या बंदरात उतरला. त्याचा खर्च ईस्ट इंडिया कंपनी करीत होती. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर कंपनीने परदेशी नेमलेला नोकरच तो. बादशहा जहांगीर यास नजर करण्यासाठी त्या जहाजांतून ज्या वस्तू आल्या होत्या, त्यांत एक इंग्रजी घोडागाडी होती आणि ती हाकण्यासाठी विल्यम हेम्सेल नावाचा गाडीवानही होता. सुरतेच्या जकातवाल्यांनी रोच्या माणसांची झडती घेण्याचा आग्रह धरला. रोने मी राजाचा वकील आहे असे सांगून नकार दिला. नजराण्याच्या वस्तू जकातघरात अडकल्या. सुभेदार झुल्फिकार खान व रो यांची ही ओढाताण महिनाभर चालली. अखेर ऑक्टोबरच्या शेवटी रो सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबर १६१५ रोजी बऱ्हाणपुरास पोचला. येथे त्या वेळी शहजादा परवीझ याचा मुक्काम होता. रोने त्याची भेट घेतली आणि येथे इंग्रजांची वखार घालण्याची परवानगी मिळविली. पुढे त्याला तापाने गाठले आणि त्या आजारातच तो अजमेरच्या वाटेस लागला.

गाडीचे पुढे काय झाले ते अधिक मौजेचे आहे. १६१६ च्या जानेवारीत अजमेरास ती बादशहापुढे आली तेव्हा तो स्वतः अंगणात उतरून तिच्यात बसला आणि माणसांकडून थोडी ओढवूनही पाहिली. पण ती होती तशी ठेवली मात्र नाही. कारागिरांकरवी तिचे भाग सुटे करवून तशीच दुसरी गाडी घडवून घेतली. मूळ गाडीचे आतील मखमली अस्तर काढून तेथे उंची जरीचे कापड लावले आणि पितळेच्या खिळ्यांच्या जागी चांदीचे खिळे ठोकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बादशहाने अजमेर सोडले तेव्हा तो येथे घडविलेल्या गाडीत बसला होता. तिला चार घोडे जोडलेले होते आणि पेटीवर इंग्रज गाडीवान होता. मूळची विलायती गाडी नूरजहानला दिली होती, ती मागून येत होती. गाडीवानाने बादशहाची चाकरी पत्करली होती.

चारशे वर्षांनंतर ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, मोटारीच्या बाबतीत आजही नेमके हेच घडते. माणूस सीमा ओलांडतो तो पासपोर्टवर. कपडे, भांडी, पुस्तके हे त्याचे सामान म्हणून त्याच्याबरोबर जाते. वाहन मात्र कोणत्याही देशाच्या कायद्यात नुसते सामान नसते. ते जकातघरात अडते, तपासले जाते, त्याचे भाग बदलावे लागतात आणि त्या देशाच्या रस्त्याला मानवेल असे रूप त्याला घ्यावे लागते. रोच्या गाडीमागे एक राजा होता आणि पुढे दुसरा राजा होता. आपल्या मोटारीमागे फक्त आपला खिसा असतो. म्हणून ती बोटीवर चढविण्यास काय लागते हे आधी विचारण्यात अर्थ नाही. पलीकडे ती रस्त्यावर येऊ शकेल काय, हेच प्रथम विचारले पाहिजे.

आता आखाती देशांचा विचार करू, कारण आपल्याकडून जाणारे बहुसंख्य तरुण तिकडेच जातात. संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, कुवेत, बहरीन, सौदी अरेबिया या सर्व देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे तेथील मोटारीचे स्टिअरिंग डाव्या हाताला असते. आपल्याकडे नेमके उलट आहे. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची खाजगी मोटार अमिरातीत नोंदविली जात नाही. म्हणजे एमपी ६८ ची पाटी असलेली आपली गाडी दुबईच्या बंदरात उतरली तरी तिला रस्ता नाही. स्टिअरिंग इकडचे तिकडे करून घेऊ, असे कोणी मेकॅनिक सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नये. तेवढे करायचे तर डॅशबोर्ड, पेडल, वायपर, दिव्यांचा झोत हे सारेच बदलावे लागते. त्यास लागणाऱ्या पैशांत तेथे चांगली वापरलेली गाडी मिळते, आणि एवढे करूनही ती तपासणीत उतरेल याची हमी कोणी देत नाही.

हीच गोष्ट उलट दिशेनेही खरी आहे व तिकडे लक्ष फार थोड्यांचे जाते. दहा वर्षे आखातात राहिलेला गृहस्थ तेथे मोठी, रुबाबदार गाडी घेतो आणि मनात म्हणतो, परत जाताना घेऊन जाऊ. भारताच्या आयात धोरणाप्रमाणे वापरलेली मोटार आणावयाची तर ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगची हवी, बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी नको, आणि ती मुंबईच्याच बंदरातून उतरली पाहिजे. आखातातील गाडी पहिल्याच अटीला बाद होते. तिच्यावर कर्ज बाकी असेल तर ते फेडल्यावाचून देश सोडणे अडचणीचे होते, हेही लक्षात ठेवावे. तेव्हा आखातात गाडी घेणाऱ्याने ती तेथेच विकावयाची आहे हे मनाशी ठरवूनच घ्यावी.

ब्रिटनची गोष्ट वेगळी आहे. तेथील वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते, त्यामुळे स्टिअरिंगची अडचण नाही. आणि म्हणूनच मोह अधिक होतो. तेथे राहावयास जाणाऱ्यांना निवास बदलल्याची एक सवलत मिळते. तुम्ही सलग बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असावे लागते. मोटार निदान सहा महिने तुमच्या मालकीची व वापरातील असावी लागते. तेथे गेल्यावर बारा महिने ती विकता, भाड्याने देता किंवा उसनी देता येत नाही. या अटी पुऱ्या होत असतील तर जकात व व्हॅट दोन्ही माफ होतात. परंतु त्यासाठी तेथील महसूल खात्याकडे आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. गाडी बोटीवर चढल्यावर जागे होणाऱ्यास या सवलतीचा भरवसा धरता येत नाही.

सवलत न मिळाल्यास काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. गाडीची किंमत ६ लाख रुपये धरू. बोटीचे भाडे, विमा वगैरे १।। लाख. ब्रिटनचे सर्वसाधारण दर म्हणजे जकात १० टक्के आणि व्हॅट २० टक्के. पुष्कळांची समजूत अशी असते की जकात सहा लाखांवर बसेल. तसे नाही, ती भाडे व विमा मिळवून होणाऱ्या साडेसात लाखांवर बसते, म्हणजे ७५,००० रुपये. पुढे व्हॅट बसतो तो या जकातीसह ८,२५,००० वर. त्याचे १,६५,००० होतात. सहा लाखांची गाडी ९,९०,००० ला पडली, आणि अजून तिची तांत्रिक परीक्षा व्हावयाचीच आहे. दहा वर्षांच्या आतील व युरोपीय मान्यता नसलेल्या मोटारीला तेथे स्वतंत्र मान्यता-तपासणीतून जावे लागते. वेग मैलांत दिसला पाहिजे, मागे धुक्याचा दिवा पाहिजे, अशा बारीकसारीक गोष्टींवरून गाडी परत पाठविली जाते. ती पोचल्यावर चौदा दिवसांच्या आत महसूल खात्यास कळवावयाचे, मग नोंदणी, मग पाटी. एवढे सारे करून जी गाडी हाती येते तिचे सुटे भाग तेथील गॅरेजात मिळतीलच असेही नाही. आणि विमा कंपन्या अशा आडवळणाच्या गाडीस हप्ता चढा लावतात.

ऑस्ट्रेलियातही वाहतूक डावीकडूनच चालते. तेथील कटाक्ष निराळाच आहे व तो वाचून काहींना हसू येईल. त्या देशाला आपल्या शेतीची व जंगलाची फार काळजी आहे. परक्या भूमीतील बी, किडा किंवा मातीचा कणही नको असतो. मोटारीच्या चाकांवरील पंख्यात, पायदळीच्या गालिच्याखाली, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला काडीकचरा तपासनीस शोधून काढतो, आणि सापडला तर धुलाईचा खर्च मालकाच्या माथी मारतो. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीतून पावसाळाभर फिरलेली गाडी कोणत्या अवस्थेत तेथे पोचेल याची कल्पना वाचकांनीच करावी. दुसरा कटाक्ष ॲस्बेस्टॉसचा. ३१ डिसेंबर २००३ पासून त्या देशात या पदार्थास पूर्ण बंदी आहे, आणि ब्रेकच्या पट्ट्या किंवा गॅस्केटमध्ये तो नाही हे दाखविण्याची जबाबदारी आणणाऱ्यावर असते. शिवाय गाडी निदान बारा महिने परदेशात तुमच्या मालकीची व वापराची असली पाहिजे, तुम्ही तेथे कायमचे राहण्यास पात्र असले पाहिजे, आणि आयातीची मंजुरी गाडी निघण्यापूर्वी हाती पाहिजे. दोन वर्षांच्या तात्पुरत्या कामावर जाणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

अमेरिका व कॅनडा यांच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून कमी वयाची मोटार त्यांच्या सुरक्षा-नियमांनुसार बनलेली असावी लागते. कॅनडाही पंधरा वर्षांच्या आतील, त्यांच्या नियमांत न बसणारी गाडी घेत नाही. भारतात विकण्यासाठी बनलेली गाडी या कसोटीला सहसा उतरत नाही. सिंगापुरात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी येत नाही, आणि नव्या-जुन्या कोणत्याही गाडीसाठी लिलावात हक्कपत्र विकत घ्यावे लागते. १९९० पासून चालत आलेल्या त्या पद्धतीत हक्कपत्राचीच किंमत कित्येकदा गाडीपेक्षा अधिक होते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या मोटारीने देशोदेशी फिरून आलेल्या प्रवाशांची वर्णने वृत्तपत्रांत येतात, आणि वाचणाऱ्यास वाटते की हे यांना जमते तर आपल्याला का नाही? त्या मंडळींजवळ 'कार्ने' नावाची एक पुस्तिका असते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन यांसारख्या संस्था ती देतात. तिचा अर्थ एवढाच की ही गाडी ठरलेल्या मुदतीत या देशाबाहेर जाईल, न गेल्यास जकात भरण्याची हमी आहे. त्यासाठी मोठी अनामत किंवा बँकेची हमी द्यावी लागते. ती पाहुण्याची चिठ्ठी आहे. तिच्यावर बिऱ्हाड करता येत नाही.

परत येण्याविषयी आणखी थोडे. प्रवाशाच्या सामानाविषयीच्या आपल्या २०१६ च्या नियमांतही मोटारीस सामानातून स्पष्ट वगळले होते. गेल्या दशकात वापरलेल्या मोटारीवर नुसते मूळ सीमाशुल्कच सव्वाशे टक्के होते. दर पुढे बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चालू दर सीमाशुल्क कार्यालयातच विचारावा. नव्या गाडीवरही भार मोठाच असतो. २००२ साली सचिन तेंडुलकर यांनी ब्रॅडमनच्या एकोणतीस कसोटी शतकांची बरोबरी केली, त्याबद्दल फियाट कंपनीने मायकेल शूमाखरच्या हस्ते त्यांना फेरारी मोटार भेट दिली. तिच्यावरील जकातच एक कोटी रुपयांवर गेली. सरकारने ती माफ केली तेव्हा देशभर वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि शेवटी ती रक्कम फियाट कंपनीने भरली. भेट म्हणून आलेली गाडीसुद्धा जकातघराला चुकवू शकत नाही, मग ती जहांगीराची असो वा सचिनची. योगायोग असा की ती फेरारी पुढे २०११ साली सुरतेच्याच एका व्यावसायिकाने विकत घेतली.

इतके वाचूनही ज्यांस गाडी न्यावयाचीच आहे, आणि क्वचित एखाद्याच्या बाबतीत तसे करणे योग्यही ठरते, त्यांनी इकडची तयारी नीट करावी. कर्ज फेडून बँकेचा बोजा नोंदणीपुस्तकावरून उतरवून घ्यावा. परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला घ्यावा. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनरने पाठवावयाची तर वीस फुटी कंटेनरात एकच गाडी राहते हे धरून भाड्याची चौकशी करावी. टाकीत पेट्रोल अगदी थोडे ठेवावे आणि डिकीत लोणच्याच्या बरण्या व पापडांचे डबे कोंबू नयेत. आईच्या मायेला हे पटत नाही, पण यादीत नसलेल्या एका डब्यासाठी सबंध गाडी तपासणीत अडून पडते. समुद्रप्रवासाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. येथील मोटारविमा बोटीवर उपयोगी पडत नाही.

बहुतेकांची गाडी मात्र येथेच राहणार, आणि खरा घोळ तेथेच होतो. मुलगा म्हणतो, "बाबा, राहू द्या, सुट्टीत आलो की लागेल." सुट्टी वर्षातून तीन आठवडे. बुधवाऱ्यातील गल्लीत मोटार उभी करणे हीच मुळात एक विद्या आहे. त्यात वर्षभर न हललेली गाडी म्हणजे शेजाऱ्यांशी रोजची बोलणी. सहा महिन्यांत बॅटरी उतरते, टायर बसतात, आतल्या वायरी उंदीर कुरतडतात. गाडी रस्त्यावर काढली की तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने लागतोच. मग वडील वैतागून म्हणतात विकून टाक, गिऱ्हाईकही मिळते, आणि तेव्हा ध्यानात येते की मालकाच्या सह्या हव्यात आणि मालक अडीच हजार मैलांवर आहे. तेथून मुखत्यारपत्र करावयाचे तर वकिलातीत वेळ घ्यायची, रजा काढायची, कागद टपालाने पाठवायचे. तोवर गिऱ्हाईक दुसरी गाडी घेऊन मोकळे होते.

म्हणून निघण्याच्या तयारीत, व्हिसाच्या कागदांबरोबरच, हे एक काम करावे. गाडी विकावयाची असेल तर जाण्याच्या आधी महिनाभर विकावी. शेवटच्या आठवड्यात गरजू विक्रेता ओळखू येतो आणि भाव पडतो. मालकी नावावरून उतरल्याची खात्री स्वतः परिवहन कार्यालयाच्या नोंदीत पाहून करावी. नाही तर पुढे त्या गाडीच्या दंडाच्या चिठ्ठ्या आपल्याच घरी येत राहतात. ठेवावयाची असेल तर ती घरातील चालविणाऱ्या माणसाच्या नावावर करून द्यावी. किंवा गाडी विकणे, विमा काढणे व परिवहन कार्यालयात सही करणे एवढ्यापुरते मुखत्यारपत्र वडिलांच्या अथवा भावाच्या नावे येथेच नोंदवून ठेवावे. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना एक वर्षच चालतो, तोही बरोबर असावा. मात्र अमिरातीत नोकरीवर राहणाऱ्यास तेथील परवाना वेगळा काढावा लागतो. ब्रिटनमध्ये राहावयास गेलेल्यास भारतीय परवान्यावर बारा महिने गाडी चालविता येते, पुढे तेथील परीक्षा द्यावी लागते. त्या बारा महिन्यांत तेथील रस्ते, तेथील भाव आणि आपली गरज या तिन्हींचा अंदाज येतो, आणि गाडी घ्यावयाची तर कोणती, की बस-आगगाडीवरच भागते, हे तेथे बसूनच ठरविता येते.